उत्तममामांच्या कानातली करवली

कंडक्टरला खाली सोडून गाडी पुढं नेणारा ड्रायव्हर मी उभ्या नोकरीत एकच पाहिला, आणि खाली राहिलेला तो कंडक्टर मीच होतो. त्यामुळे उत्तममामांविषयी बोलायचा माझा हक्क कुणी नाकारू नये. परभणी-जिंतूर रस्त्यावर आम्ही दोघांनी सहा वर्षं एकाच लाल गाडीत फेऱ्या मारल्या. ते पुढं स्टिअरिंगवर, मी मागं तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून. माझी बायको म्हणायची, "लग्नाआधी पत्रिका माझ्याशी जुळवली होती का त्या मामांशी?" तिला उत्तर द्यायला मी घरी फारसा सापडायचो नाही.

मामा दिसायला ड्रायव्हर वाटायचे नाहीत. ड्रायव्हर म्हटला की लोकांना दणकट मनगटं, तांबारलेले डोळे आणि तोंडात शिवी लागते. मामा किरकोळ अंगाचे, पांढऱ्या मिशीचे, आणि सीटवर वाकळेची घडी ठेवल्याशिवाय त्यांना काचेतून रस्ता पुरता दिसायचा नाही. शिवीचं तर नावच नको. कुणी मोटारसायकलवाला अंगावर आला की ते खिडकीतून मान बाहेर काढून शांतपणे विचारायचे, "साहेब, घरी लेकरं हायत ना? मग आशी घाई कामून करायलात?" समोरचा शिवीची तयारी करून आलेला असायचा, त्याची पार पंचाईत व्हायची. गाडीत चढणाऱ्या प्रत्येक म्हातारीला ते 'माय' म्हणायचे आणि माय नीट टेकल्याशिवाय गिअर टाकायचे नाहीत.

त्यांच्या खाकी शर्टाला दोन खिसे होते. डाव्यात साखरेच्या आजाराच्या गोळ्या, उजव्यात खडीसाखरेची पुडी. नवीन माणसाला हे बघून गंमत वाटायची. मामा समजावून सांगायचे, "शुगर चढू नये म्हणून डावा खिसा, उतरू नये म्हणून उजवा. मधी मी." आजाराबद्दल यापेक्षा जास्त ते कधी बोलले नाहीत. सकाळी भाकरी, दुपारी भाकरी, बिनसाखरेचा चहा, आणि लग्नकार्यात ताटातल्या गोडाकडं एक लांब नजर, एवढ्यावर त्यांचं आणि त्या आजाराचं आठ-नऊ वर्षं बरं चाललं होतं.

मग कानात वाजायला लागलं.

"मास्तर," एक दिवस ते मला म्हणाले. ड्रायव्हर लोक आम्हा कंडक्टरांना मास्तर म्हणतात. "शुगर आली ती नवरीवाणी आली. म्हणलं ठीक हाय, आता जलमाची हाय, सांभाळावी लागंल. पण नवरीसंगं करवली येती का न्हाई? तशी ही आता आलीय. अन् नवरीपरीस करवलीच जास्त मिरवायलीय."

"करवली चार दिवसांनी परत जाते, मामा."

"तेच तर म्हणायलोय. ही जायचं नावच काढत न्हाई."

तेव्हापासून कानातल्या आवाजाला आमच्या दोघांत 'करवली' हेच नाव पडलं. कुणाच्या कानात रातकिडे किरकिरतात, कुणाच्या कानात वारा घुमतो, असं म्हणतात. मामांच्या कानात नेमकी आमच्या गाडीची घंटी वाजायची. आता ज्यांनी लाल गाडीतून प्रवास केला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीच्या छताला लांबलचक दोरी असते, ती ओढली की ड्रायव्हरच्या डोक्याजवळ घंटी वाजते. एक टोल म्हणजे थांबा. दोन टोल म्हणजे माणसं चढली-उतरली, दार लागलं, चला. याला डबल बेल म्हणतात. ड्रायव्हरला मागचं दार धड दिसत नाही, त्याचा सगळा भरवसा या दोन टोलांवर. आणि मामांच्या डाव्या कानात दिवसभर टिंग टिंग, टिंग टिंग. जगातल्या एवढ्या आवाजांमधून करवलीनं हाच निवडला होता.

मामांच्या रिटायरमेंटला तेव्हा दोन वर्षं उरली होती आणि त्यांची एकच इच्छा होती. स्टिअरिंगवरूनच रिटायर व्हायचं. आमच्याकडं कान-डोळ्यांच्या तपासणीत नापास झालेल्या ड्रायव्हरला कुठंतरी कागदपत्रांपाशी किंवा गोदामात काम देतात. त्याला आम्ही 'बसवलेला' म्हणायचो. बसवलेल्या माणसाला सगळे चहा पाजतात, पण गाडीबद्दल त्याला कुणी काही विचारत नाही. मामांना या चहाची फार धास्ती होती.

तरी मी त्यांना ओढून परभणीत कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. तिथं काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावतात आणि हातात बटण देतात. आवाज आला की बटण दाबायचं. मामा बसल्याबरोबर बटण दाबायला लागले ते थांबेचनात. टिक टिक, टिक टिक. यंत्रावरच्या बाईंनी शेवटी दार उघडलं आणि म्हणाल्या, "काका, मी अजून आवाज सोडलाच नाही."

"तुमचा न्हाई बाई," मामा म्हणाले, "माझा सुरू हाय."

डॉक्टर समंजस होते. त्यांनी नीट समजावलं. साखरेमुळं आणि वयामुळं कानाची नस अशक्त झाली आहे. बारीक, टोकदार आवाज कमी पोचतात, जाड आवाज नीट पोचतात. जे पोचत नाही त्याच्या जागी डोकं स्वतःच काहीतरी वाजवत बसतं. ते म्हणाले, हे एका गोळीनं बंद होईल असं मी सांगणार नाही, साखर आटोक्यात ठेवा आणि आवाजाची सवय करून घ्या. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"शेती हाय," मामा म्हणाले.

ते खोटं नव्हतं. त्यांची चार एकर शेती होती. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो, अंगावर कंडक्टरचा खाकी पोशाख होता, आणि मी भिंतीवरचं कानाचं चित्र बघत राहिलो. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "म्हंजी भाडेकरू निघत न्हाई, घरमालकानंच जुळवून घ्यावं. बरं हाय." आणि दवाखान्यासमोरच्या टपरीवर त्यांनी मला चहा पाजला, साखर घातलेला.

झरीचा प्रकार यानंतरचा. आम्ही जिंतूरकडून परभणीला निघालो होतो. झरीला एक बाई मेथीचं गाठोडं घेऊन चढत होती, गाठोडं सुटलं आणि अर्धी मेथी रस्त्यावर. तिला वर चढवून मी खाली उतरलो आणि जुड्या गोळा करायला वाकलो. वर बघतो तर गाडी चाललेली; मामांच्या कानात करवलीनं डबल बेल दिली होती. मी हातात मेथी घेऊन पळालो, ओरडलो, शेवटी रस्त्यात उभा राहिलो. मागून येणाऱ्या दूधवाल्यानं मला मोटारसायकलवर घेतलं. मांडीवर मेथी, मेथीवर तिकिटाचं मशीन, अशा थाटात मी माझ्याच गाडीचा पाठलाग केला.

गाडीत काय झालं ते मला नंतर चाळीस जणांनी चाळीस प्रकारे सांगितलं. मी राहिलो हे कळताच एकानं दोरी ओढली. मामा थांबले नाहीत. मग दुसऱ्यानं ओढली. मग जो तो उठून ओढायला लागला, आणि गाडीत आरतीच्या वेळेसारखा घणघणाट सुरू झाला. मामा मात्र स्टिअरिंग घट्ट धरून, मान हलवत पुटपुटत होते, "दोन खाल्ल्या तर एवढं? दोनच तर खाल्ल्या!" अखेर एक शेतकरी पुढं गेला आणि त्यानं खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठं गाडी चार किलोमीटरवर थांबली.

मी पोचलो तेव्हा मामा खाली उतरून हात जोडून उभे होते. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"मास्तर, माफ करा," ते म्हणाले. "सकाळी भाच्याच्या साखरपुड्यात दोन जिलब्या खाल्ल्या. मला वाटलं, जिलबी वाजायलीय."

मी रागावणार होतो. खरं सांगतो, दूधवाल्याच्या मागं बसून मी चार चांगल्या शिव्या जुळवूनही ठेवल्या होत्या. पण 'जिलबी वाजायलीय' म्हटल्यावर आधी मेथीवाली हसली, मग मी हसलो, आणि शिव्या तशाच राहिल्या.

त्या दिवसापासून करवली आमच्या दोघांची राहिली नाही, अख्ख्या रस्त्याची झाली. रोजच्या गिऱ्हाइकांनी मनोमन ठरवल्यासारखं डेपोपर्यंत काही जाऊ दिलं नाही. पण उपाय सांगायचं कुणी सोडलं नाही. कुणी लसणाचं तेल आणलं, कुणी रुईच्या पानाचा रस सांगितला. बोरीच्या एका बाईनं तर भर गाडीत मामांच्या कानात कांद्याचा रस पिळायचा बेत केला, मी तिला कसंबसं आवरलं. एक माळकरी आजोबा म्हणाले, "उत्तमराव, माझ्या कानात तर बारा वर्षांपासून वाजायलंय. मी म्हणतो, देवाची घंटा हाय."

"देवाची आसती आबा," मामा म्हणाले, "तर आरती झाल्यावर थांबली आसती."

हसण्यावारी नेलं तरी प्रश्न होताच. गाडीची घंटी बारीक, करवली बारीक, दोन्ही एकाच सुरात. ओळखायची कशी? डॉक्टरांचं एक वाक्य मामांनी पकडून ठेवलं होतं. जाड आवाज नीट पोचतात. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात आमची दोन दिवस मानवतची फेरी होती. तिथल्या बाजारात बैलांच्या साजाची दुकानं लागली होती, आणि गाडी सुटायला अर्धा तास होता.

मामा दुकानापासून दहा पावलं दूर, पाठ करून उभे राहिले. मी एकेक घंटी उचलून वाजवायची आणि त्यांनी मान हलवायची. हलली नाही की ऐकू आलं नाही. दुकानदार थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "पाव्हणं, बैल कसे हायत तुमचे?"

"एकच हाय," मामा तिकडूनच म्हणाले. "तांबडा."

"उंचीला?"

"चव्वेचाळीस माणसं बसत्यात."

दुकानदारानं पुढची घंटी माझ्या हातात दिली. शेवटी मी कोपऱ्यातली एक मोठी काळपट घंटी उचलली. ती वाजवली आणि मामा गर्रकन वळले. "हीच!" दुकानदार म्हणाला, "आवो, ही म्हशीची हाय. बैलाच्या गळ्यात शोभायची न्हाई."

"आमच्याला शोभती," मामा म्हणाले आणि घंटी शर्टाला पुसली.

मी ती मूळ घंटीच्या जागी तारेनं बांधली. दुसऱ्या दिवशी जिंतूर फाट्यावर पहिली डबल बेल दिली. ठण्ण, ठण्ण. गाडीतल्या सगळ्यांच्या माना वर गेल्या. मग मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "हाड् हाड्, चल गं!" आणि गाडी हसत हसतच निघाली. पंधरा दिवसांत आमच्या गाडीचं नाव म्हैस पडलं. थांब्यावर लोक विचारायला लागले, "म्हैस गेली का यायचीय?" मामांना त्याचं काही वाटलं नाही. उलट ते खूश होते. "टिंग ती करवली, ठण्ण ती सरकार," असा त्यांचा सोपा हिशेब झाला होता.

एकदा बोरीला तपासणीचे साहेब चढले. त्यांनी तिकिटं बघितली, मशीन बघितलं, आणि जाता जाता सवयीनं दोरी ओढली. ठण्ण. साहेबांनी वर बघितलं. परत ओढली. ठण्ण.

"हे काय आहे?"

"मूळ घंटी मोडली साहेब," मी म्हणालो. "नवी येईपर्यंत..."

"ही म्हशीची आहे."

मी पुढचं खोटं जुळवत होतो. तेवढ्यात खिडकीजवळचा एक शेतकरी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या साहेब. ही बांधल्यापासून गाडी कशी रवंथ करत निवांत जाती बगा." साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते गंभीर गृहस्थ होते, पण उतरताना त्यांचा हात वर गेला आणि त्यांनी स्वतः डबल बेल दिली, ती जरा जास्तच जोरात होती.

पाच महिने सगळं बिनघोर चाललं. मला तर वाटायला लागलं होतं की आपण डॉक्टरांपेक्षा हुशार आहोत. मामांचे चौदा महिने उरले होते. ते जाता येता बोटांवर मोजायचे.

दिवस कलायची वेळ होती. बोरीच्या अलीकडं एका फाट्यावर गाडी थांबली. तीन-चार माणसं उतरली, शेवटी एक म्हातारी. तिच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. एक पाय पायरीवर, एक जमिनीकडं चाललेला. मी दारातच होतो, दोरीला हात लावलेला नव्हता. तेवढ्यात शेतातून म्हशींचा कळप रस्त्यावर आला आणि गाडीच्या पुढून जायला लागला. सगळ्यात पुढच्या म्हशीच्या गळ्यात घंटी होती. तिनं माशा हाकलायला मान झटकली. ठण्ण, ठण्ण.

म्हशी पुढं सरकल्या, आणि मामांनी गिअर टाकला.

गाडी हलली तशी काठी टाकून म्हातारी दांड्याला लोंबकळली. मी तिला दोन्ही हातांनी कवटाळलं. गाडीतली सगळी माणसं एकदम किंचाळली. त्या किंचाळण्यात जाड आवाज बरेच होते, म्हणून मामांना ऐकू आले आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी चार-पाच हात गेली असेल, जास्त नाही. म्हातारीचा गुडघा खरचटला होता. तिची एक चप्पल मागच्या चाकाखाली होती.

मामा धावत आले. त्यांनी म्हातारीला रस्त्याच्या कडेला बसवलं, पाणी दिलं, गुडघा स्वतःच्या रुमालानं पुसला. चाकाखालची चप्पल ओढून काढली, तिचा चेंदामेंदा झाला होता. मामा ती हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग खाली बसून त्यांनी स्वतःच्या चपला काढल्या आणि म्हातारीच्या पायात घातल्या.

म्हातारीचा जीव जागेवर आला होता. ती म्हणाली, "मुडद्या, आता म्या तुझ्या खेटरानं घरी जाऊ व्हय?"

"जा माय," मामा म्हणाले. "मला आता लागत न्हाईत."

ते अनवाणी पायानं गाडी परभणीला घेऊन आले. वाटेत प्रत्येक थांब्यावर मी बेल दिल्यावर ते वळून माझ्याकडं बघायचे, मी मान हलवली की मगच निघायचे. डेपोत गाडी लावली, खाली उतरले, बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "मास्तर, अर्ज लिवा. माझं अक्षर साहेबाला लागत न्हाई."

मला कळलं कसला अर्ज ते. तरी मी म्हणालो, "मामा, चौदा महिने राहिलेत. म्हातारी काही तक्रार करणार नाही. मी उद्यापासून बेल देणारच नाही, पुढं येऊन तुमच्या खांद्यावर हात ठेवत जाईन. आपण करू काहीतरी."

"तुमाला वाटत आसंल, मला इज्जतीची पडलीय," मामा म्हणाले. "बसवलेला म्हणतेल म्हणून. तसं न्हाई. आतापतूर सांगितलं न्हाई, आज सांगतो. गाडी पळायली की करवली गप बसती. इंजिनाचा आवाज तिच्यापरीस मोठा हाय. थांब्यावर तेवढी तोंड वर काढती. पण घरी पाठ टेकली की तिचं सुरू. देवळात गेलो, सुरू. शेतात झाडाखाली बसलो, सुरू. वरीस व्हायला आलं, मला धड झोप न्हाई मास्तर. ह्या खडखड्या डब्यातच तेवढं शांत वाटतं मला. लोकं म्हणत्यात गाडीत लय आवाज हाय. मी म्हणतो, ह्याच्याइतकी शांत जागा न्हाई."

मी खिशात पेन शोधायला लागलो.

"पण माझ्या शांततेपायी त्या मायचा पाय गेला आसता. लिवा."

मी कागद काढला. मला रडू येत होतं आणि राग येत होता. राग माझा मलाच. डॉक्टरांनी काम काय विचारलं तेव्हा खाकी घालून बसलेला मी भिंतीकडं बघत होतो, हे मला त्या बाकड्यावर पुन्हा पुन्हा आठवत होतं. म्हशीची घंटी बांधताना मला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं होतं!

"काय लिहू?"

"लिवा, मला ऐकू येत न्हाई."

"तसं कसं लिहू? येतं तुम्हाला. जाड येतं."

मामांनी विचार केला. "मग लिवा, जाड येतं, बारीक येत न्हाई, अन् नसलेलं लय येतं."

मी अर्ज आपल्या सरकारी भाषेत लिहिला, पण त्यांनी सांगितलेलं ते वाक्य तसंच्या तसं ठेवलं. डेपोच्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी मामांना समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं, जे साहेब सहसा कुणाला सांगत नाहीत.

मामांना टायरच्या गोदामात बसवलं. तिथं टायर असतात आणि टायर बोलत नाहीत. वर्षभर ते त्या शांततेत करवलीबरोबर बसले. लोक चहा पाजायचे, मामा बिनसाखरेचा प्यायचे आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, "मजेत हाय." मी सुट्टीच्या वेळी गेलो की आधी टायरांवर दोन थापा मारायचो, म्हणजे त्यांना जाड आवाज ऐकू यायचा. रिटायर झाले त्या दिवशी शाल, नारळ, हार सगळं झालं. भाषण करा म्हटलं तर ते उभे राहिले, म्हणाले, "माज्या हातानं कुणाचा जीव गेला न्हाई. बास," आणि खाली बसले. टाळ्या मात्र फार वेळ वाजल्या.

मग गाव. बोरीच्या पुढं एका फाट्यापासून आत दीड किलोमीटरवर त्यांचं गाव आहे. एकदा मामींचा मला फोन आला. त्यांचा सूर तक्रारीचा होता. "भाऊजी, ह्यांना काय झालंय कळंना. गावातलं समदं दळण अंगावर घेतलंय ह्यांनी. ज्याचं त्याचं पीठ दळून आणायलेत. दिवसभर गिरणीत बसायलेत."

मला लगेच उमगलं. पिठाच्या गिरणीइतका दणदणीत आवाज गावात दुसरा कुठला असणार! गावाला मात्र वाटलं की रिटायर झाल्यावर उत्तमरावांना सेवेची ओढ लागली. आयाबाया डबे आणून द्यायला लागल्या. गिरणीवाल्यानं त्यांच्यासाठी खास स्टूल ठेवलं. डोक्यावरून ज्वारीचे डबे वाहून मामांची साखर इतकी उतरली की डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. पुढच्या फोनवर मामींना खरं कारण, म्हणजे करवली, सांगावं की नाही या विचारात मी पडलो, तर त्याच म्हणाल्या, "मला ठाऊक हाय. अंथरुणावर कूस बदलत्यात ते मीच बघायलेय ना. पण वीज गेली की गिरणी बंद, अन् हे परत दारात येऊन बसत्यात."

गेल्या महिन्यात मामा तपासणीसाठी परभणीला आले होते. परतीला माझ्याच गाडीत चढले. आता गाडीवर एक तरणा ड्रायव्हर आहे, चांगला आहे, कानही चांगले आहेत त्याचे. मामा त्याच्या बाजूच्या, इंजिनाला लागून असलेल्या सीटवर बसले. थोडे वाळले होते. कानाच्या पाळीला पीठ लागलेलं होतं. "तब्येत कशी?" मी विचारलं. "नवरी नांदायलीय," ते म्हणाले, "करवली हायच." मग मी तिकिटं द्यायला मागं गेलो.

झरी गेलं आणि मी पुढं येऊन बघतो तर मामा झोपलेले. डोकं काचेला टेकलेलं, तोंड उघडं, दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले. गाडी खड्ड्यातून जायची, काच थडथडायची, डोकं काचेवर आपटायचं, पण त्यांना पत्ता नव्हता. सहा वर्षं मी त्यांच्या पाठीमागं उभा होतो, पण हा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. बोरी आलं, निम्मी गाडी उतरली, निम्मी चढली. मामा हलले नाहीत.

मग त्यांचा फाटा आला. तिथं उतरणारे ते एकटेच होते. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी फोन काढला आणि मामींना लावला.

"मामी, मामा आता येत नाहीत. गाडी जिंतूरला जाऊन परत येईल तेव्हा उतरवतो."

"कामून? काय झालं?"

"झोपलेत."

मामी हळूच म्हणाल्या, "खरंच?"

"घोरायलेत."

"मग जाऊ द्या जिंतूरला," त्या म्हणाल्या. मी ड्रायव्हरला हातानंच पुढं चल म्हणून सांगितलं.